आखूड केसांचा मुकादम

टेबलावर एकूण सहा गोष्टी होत्या. एक रबरी ब्रश, एक बारीक दातांचा स्टीलचा कंगवा, एक मऊ फडकं, नखं कापायची छोटी कात्री, खाऊची बरणी आणि या पाचही गोष्टी ज्याच्यासाठी होत्या ते मांजर. मांजराला वस्तूंमध्ये धरावं की नाही, असा प्रश्न केमिस्टला पडला होता. पण ते टेबलाच्या मधोमध बसलं होतं, बाकीच्या पाच गोष्टींहून जास्त जागा अडवत होतं आणि हलायचं नाव घेत नव्हतं. म्हणून त्याने मनातल्या मनात सहा हाच आकडा कायम केला.

"जावईबापू, लक्ष आहे ना?" सासूबाई म्हणाल्या. "मी एकदाच सांगणार आहे."

सासूबाई हॉस्पिटलात मेट्रन होत्या. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा आवाज अजून नोकरीतच होता. ज्या आवाजाला घाबरून भले भले सर्जन पुन्हा एकदा हात धुऊन येत, त्याच्यापुढे पाण्याचे नमुने तपासणाऱ्या जावयाची काय कथा!

"आठवड्यातून दोनदा ब्रश. मानेकडून शेपटीकडे, केस जातात त्याच दिशेनं. पाच मिनिटं. मग फडकं जरासं ओलं करून अंगावरून फिरवायचं. झालं. ब्रश करून घेतला तर एक खाऊ. एकच."

"आणि नाही करून घेतला तर?"

"नाहीच घेत तो. ब्रश दिसला की कपाटावर जाऊन बसतो. मग खाली उतरेपर्यंत वाट बघायची. मी बघते."

मांजराचं नाव मुकादम. स्वतः काडीचं काम करायचं नाही, पण घरात कुणी भांडी घासत असेल, खिळा ठोकत असेल, तर समोर बसून ते काम शेवटपर्यंत बघायचं, ही त्याची आवड. रंग शिशासारखा, डोळे नारिंगी, तोंड वाटोळं आणि गालांची ठेवण अशी की नुकतंच कुणाचा तरी अर्ज फेटाळून आलेला दिसावा. जात आखूड केसांची. पण ते आखूड केस इतके दाट होते की बोट खुपसलं तर आत मांजर नक्की कुठे सुरू होतं, ते लागत नसे.

सासूबाईंनी बॅग उचलली आणि दारात थांबून निकालाची अट सांगितली. थोरली मुलगी परगावी होती आणि महिन्याभरात बाळंत व्हायची होती. आईने दोन महिने आपल्याकडे येऊन राहावं, असा तिचा धोशा होता. सासूबाईंचा उलट प्रश्न एकच: मुकादमाचं काय? मागे एकदा शेजाऱ्यांकडे ठेवला होता, तर परत मिळाला तेव्हा पोटाखाली च्युइंगम चिकटलेलं होतं.

"मी मैत्रिणीकडे आठवडाभर जातेय. ही तुमची परीक्षा समजा. आल्यावर माझा मुकादम मला जसाच्या तसा मिळाला, तर मी थोरलीकडे जाते. नाही मिळाला, तर तिने माझी वाट बघू नये."

दार लागलं. संध्याकाळी थोरलीचाच फोन आला.

"आई गेली? मांजर ठीक आहे?"

"अगं ताई, दोन तास झालेत फक्त," केमिस्ट म्हणाला.

"दोन तासांत काय काय होऊ शकतं ते तुला माहीत नाही. हे बघ, माझा नवरा बाळंतपणाची पुस्तकं वाचतोय आणि रोज रात्री माझी तोंडी परीक्षा घेतोय. काल मी नापास झाले." ती हसली, आणि मग हसायची थांबली. "मला आई हवीय रे. जरा सांभाळा त्या मांजराला. पाया पडते."

"तू काळजीच करू नकोस," केमिस्ट म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं होतं. पुढचं सगळं या मनापासून म्हणण्यामुळेच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रबरी ब्रश हातात घेतला. मुकादम कपाटावर गेला. केमिस्टने खाऊची बरणी वाजवली. मुकादम कपाटाच्या कडेला आला, विचारात पडला आणि खाली उतरला. एक खाऊ मिळाल्यावर तो टेबलावर कुशीवर आडवा झाला आणि दुसऱ्याची वाट बघू लागला. दुसरा मिळाला. सासूबाईंना इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते आपल्याला पहिल्याच प्रयत्नात जमलं, या आनंदात केमिस्टने तिसराही दिला.

पाच मिनिटं झाली तेव्हा टेबलावर उंदराएवढा केसांचा गोळा जमला होता. केमिस्टने आणखी एकदा ब्रश फिरवला. आणखी केस आले. पुन्हा फिरवला. पुन्हा तेवढेच आले.

"पाच मिनिटं झाली," बायको म्हणाली. ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायची.

"हो, पण केस थांबले नाहीत ना अजून."

"मग?"

"मग काम पूर्ण झालं असं कसं म्हणायचं?"

इथे केमिस्टच्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं. लॅबमध्ये तो दिवसभर टायट्रेशन करायचा. पाण्यात वरून थेंब थेंब औषध सोडायचं आणि पाण्याचा रंग बदलला की त्या क्षणी थांबायचं. त्या क्षणाला म्हणतात एंड पॉइंट. त्याच्या आधी थांबलात तर उत्तर चूक. घड्याळ बघून थांबलात तर नोकरी चूक. 'पाच मिनिटं झाली, आता पुरे' हे वाक्य लॅबमध्ये कुणी उच्चारलं असतं, तर त्याला बाटल्या विसळायला बसवलं असतं.

"प्रत्येक गोष्टीला एंड पॉइंट असतो," केमिस्ट म्हणाला. "जे सुटे केस आहेत ते सगळे निघाले की ब्रश कोरा येईल. तिथे थांबायचं."

"आईने असं सांगितलेलं नाही."

"आईंनी वेळ सांगितली. मी हेतू बघतोय."

बायकोने कपाळावर हात मारला आणि ती आंघोळीला गेली.

रबरी ब्रश कोरा येईना म्हणून त्याने स्टीलचा कंगवा घेतला. कंगव्याने तर आतून फिकट राखाडी लव बाहेर यायला लागली. कापूस पिंजत बसावं तसं. सोमवारी ऑफिसातून येताना तो प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात गेला आणि दातेरी पात्याचा एक ब्रश घेऊन आला.

"जपून हं," दुकानदार म्हणाला होता, "हा आतलेसुद्धा केस ओढून काढतो."

"मला आतलेच हवेत," केमिस्ट म्हणाला होता.

मुकादम आता कपाटावर जात नव्हता. ब्रश दिसला की तोच आधी टेबलावर चढून कुशीवर पडायचा. त्याच्या बाजूने पाहिलं तर हिशेब सरळ होता: माणूस पाठ खाजवतो, वर खाऊ देतो आणि थांबायचं कधी हे त्याला कळत नाही. अशा माणसाला नाराज कोण करील? केमिस्टने हात आखडला की मुकादम पंजाने त्याचं मनगट जवळ ओढायचा. निघालेले केस केमिस्ट टाकून देत नव्हता. एंड पॉइंटपर्यंत पोचल्यावर एकूण किती निघाले ते बघावं, या कुतूहलाने तो ते एका उशीच्या अभ्र्यात भरत होता. अभ्रा फुगत चालला होता.

मंगळवारी संध्याकाळी बायको घरी आली, तिने पर्स ठेवली आणि ती जागच्या जागी थांबली. मुकादम टेबलावर तिच्याकडे तोंड करून बसला होता.

"अरे," ती हळूच म्हणाली, "अर्धं मांजर कुठे गेलं?"

केमिस्टने पाहिलं. मुकादम नेहमी उजव्या कुशीवर आडवा व्हायचा; त्यामुळे इतके दिवस सगळा ब्रश डाव्या बाजूला झाला होता. उजवीकडून तो अजून सोफा होता. डावीकडून पायमोजा. समोरून पाहिलं, तर दोन निरनिराळी मांजरं मधोमध शिवून टाकल्यासारखी दिसत होती.

"आता कुणी हात लावायचा नाही त्याला," बायको म्हणाली. "बास. आई येईपर्यंत हा ब्रश कुलपात."

"बरोबर आहे तुझं."

दोघं जेवायला बसले. मुकादम समोर येऊन बसला. बायको एक घास घ्यायची आणि त्याच्याकडे बघायची. पुन्हा एक घास घ्यायची, पुन्हा बघायची. दिवसभर नकाशे काढणाऱ्या माणसाला मधोमध रेघ दिसते. ती रेघ पुसता येत नाही. शेवटी तिने चमचा खाली ठेवला.

"मला जेवण जात नाहीये. दुसरी बाजू सारखी कर."

"आत्ता तर म्हणालीस की—"

"आत्ता म्हणाले तेव्हा मी पोटभर बघितलं नव्हतं. सारखी कर. मी सांगते कुठे थांबायचं ते."

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून मुकादमाची उजवी बाजू सारखी केली. बायको दूर उभी राहून, एक डोळा मिटून सूचना देत होती. "खांद्याला अजून थोडं. नाही, एवढं नाही! आता डावा खांदा मोठा दिसतोय. डावा घे. अरे, आता कंबर!" मुकादम एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत होता आणि प्रत्येक वळणाला खाऊ वसूल करत होता. दोन्ही बाजू अखेर सारख्या झाल्या. त्या सारख्या झाल्या तेव्हा मुकादमाच्या वाटोळ्या तोंडामागे मान नावाचा अवयव प्रथमच दिसू लागला.

बुधवारी लॅबच्या मॅडमनी केमिस्टला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर तीन गोल गाळणकागद होते आणि प्रत्येकावर एक एक राखाडी केस.

"हे तीन निरनिराळ्या गावांचं पाणी," मॅडम म्हणाल्या. "नदी वेगळी, विहीर वेगळी, टाकी वेगळी. तिन्हींत एकाच रंगाचा, एकाच लांबीचा केस. तिन्ही नमुन्यांत सारखी अशी एकच गोष्ट आहे आणि ती आत्ता माझ्यासमोर उभी आहे."

केमिस्टने आपल्या बाहीकडे पाहिलं. बाहीने त्याच्याकडे मांजरासारखं पाहिलं.

"मॅडम, सासूबाईंचं मांजर आहे. आखूड केसांचंच आहे तसं—"

"आखूड? लांब केसांचं असतं तर तुम्ही गाव बुजवलं असतं. आजपासून तीन दिवस सुट्टी घ्या. घर झाडा, कपडे धुवा, काय ते केस संपवा आणि मग या."

काय ते केस संपवा! वरिष्ठांचाच हुकूम म्हटल्यावर केमिस्ट निमूटपणे घरी आला. त्याने घर झाडलं. व्हॅक्युम क्लीनर थोडा वेळ चालला, मग खोकला आणि गप्प झाला; उघडून पाहिला तर आत आणखी एक लहानसा मुकादम बसल्यासारखं दिसत होतं. सगळं झाडून होतं न होतं तोच मुकादम अंग झटकायचा, आणि उन्हाच्या तिरिपेत पुन्हा केस तरंगायला लागायचे. मुळाशीच उपाय केल्याशिवाय सुटका नाही, हे केमिस्टला पटलं. मुळाशी टेबलावर मुकादम आधीच कुशीवर पडून वाट बघत होता.

त्या दिवशी सासूबाईंनी मोबाइलवरून समोरासमोर बोलायचं ठरवलं. तोवर रोज नुसता फोन होता.

"दाखव माझ्या मुकादमाला," त्या पडद्यावरून म्हणाल्या.

बायकोने मोबाइल मुकादमाच्या नाकाजवळ धरला. पडद्यावर फक्त दोन नारिंगी डोळे.

"जरा लांब धर की. मला काय त्याचे डोळे तपासायचेत?"

"लांबून अंधार येतो गं आई."

"दिवसाढवळ्या? दिवा लाव. हं. असा काय दिसतोय हा? उभा कर त्याला."

"तो झोपलाय."

"डोळे उघडे ठेवून?"

मुकादमाला या चर्चेत गोडी वाटली असावी. तो उठला, त्याने पाठीची कमान केली आणि सावकाश आडवा चालत पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला.

"वाळलाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "हाय घेतली त्यानं. खात नाहीये ना? खरं सांग, धाकटे."

"अगं, भरपूर खातोय!"

"मी रविवारी येणार होते. मी परवाच येते."

फोन बंद झाला.

"झालं," बायको म्हणाली. "आई म्हणणार, एका आठवड्यात माझं मांजर खंगलं, दोन महिन्यांत काय उरेल? ती जात नाही आता ताईकडे. ताईला तू सांगायचंस. मी नाही."

"थांब. केस परत यायला महिना तरी लागेल. पण आकार परत आणता येईल." केमिस्टने पाठकोरा कागद ओढला. "आकार म्हणजे काय? घनफळ. बाहेरून गेलंय ते आतून भरायचं. समजा, मांजर हा एक दंडगोल आहे—"

"हे वाक्य माझ्या आईसमोर बोलू नकोस."

"त्याचा थर सगळीकडून सेंटिमीटरभर आत गेला. तर तेवढा भरून काढायला..." त्याने आकडेमोड केली, पुन्हा केली आणि कागद उलटा ठेवला.

"किती?"

"जवळजवळ आणखी एक मांजर लागेल."

"मग?"

"मग जेवढं होईल तेवढं."

पुढचे दोन दिवस मुकादमाच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. सकाळी मासा, दुपारी कोंबडी, मध्ये मध्ये खाऊ आणि कुठलीही वाटी रिकामी झाली की पुन्हा भरलेली. त्याने एकदाही नाही म्हटलं नाही. पण सगळं जेवण जाऊन बसलं पोटात. मान होती तशीच राहिली. शुक्रवारी दुपारी तो बाजूने पाहिला असता, कुणीतरी बाटलीत संत्रं अडकवल्यासारखा दिसत होता.

बेल वाजली. सासूबाई आत आल्या, बूट काढले आणि हात धुऊन आल्या. मगच त्यांनी हाक मारली, "मुकादम!"

मुकादम आतल्या खोलीतून आला. सासूबाईंकडे न जाता त्याने थेट टेबलावर उडी मारली आणि डाव्या कुशीवर आडवा झाला. थोड्या वेळाने उजव्या कुशीवर वळला. कुणीच ब्रश घेईना म्हणून त्याने पंजाने केमिस्टचं मनगट जवळ ओढलं.

सासूबाई जवळ गेल्या. अंगावरून हात फिरवला. हात उलटा करून पाहिला. तळव्याला एकसुद्धा केस लागला नव्हता. त्यांनी त्याच्या पाठीवर बोट टेकवलं. बोट लगेच मांजराला लागलं.

"हा कोण?" त्या म्हणाल्या.

"आई, कोण म्हणजे? मुकादम!"

"माझ्या मुकादमाचं अंग मखमलीसारखं फुगीर आहे. ह्याचं सपाट. त्याचा रंग फिका, हा काळपट. त्याला मान नाही, ह्याला आहे. तो ब्रशला भितो, हा मागतोय. आणि हाक मारली तर तो माझ्याकडे येतो."

"पण डोळे बघ ना!"

"ह्या जातीत सगळ्यांचे डोळे असेच. म्हणून तर तुम्हाला मिळालं सारखं दिसणारं." त्या खुर्चीत बसल्या. ज्या आवाजाची केमिस्टने आठवडाभर धास्ती घेतली होती, तो आलाच नाही. "खिडकी उघडी राहिली असेल. होतं असं. मी ओरडणार नाही, जावईबापू. तो कुठल्या बाजूला गेला तेवढं सांगा. मी शोधते. माझ्या आवाजाला येईल तो."

आणि त्या खरोखरच उठून पुन्हा बूट चढवायला लागल्या.

ओरडल्या असत्या तर केमिस्टने काही तरी बाजू मांडली असती. हे त्याच्याच्यानं बघवेना. तो आत गेला, फुगलेला अभ्रा घेऊन आला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. पाच मिनिटं, एंड पॉइंट, डावी बाजू, उजवी बाजू, खाऊ, मासा, कोंबडी. बायकोने मध्येच "उजवी बाजू मी सांगितली" अशी भर घातली. सासूबाईंनी अभ्र्यात कोपरापर्यंत हात घातला. राखाडी, फुगीर, मखमली. त्यांचे डोळे भरून आले.

"हा आहे माझा मुकादम," त्या म्हणाल्या. "आता बाकीचा कुठे आहे ते सांगा."

"बाकीचा टेबलावर आहे, आई!"

"ते तुम्ही म्हणताय."

अशा वेळी पुरावा काय द्यायचा? मुकादमाचे फोटो होते, पण सगळे फुगीर अंगाचे. आवाजावरून ओळखावं, तर तो पोट इतकं भरलेलं असताना बोलायला तयार नव्हता. शेवटी बायकोलाच आठवलं. मुकादमाच्या मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप बसवलेली होती आणि चिपेत त्याचा नंबर होता. तो वाचायचं यंत्र मांजरांच्या डॉक्टरीणबाईंकडे.

वाटेत थोरलीचा फोन आला. सासूबाईंनी तो कानाला लावला. पलीकडचा आवाज सगळ्या गाडीत ऐकू येत होता.

"आई, तिकीट काढलंस का गं?"

"मांजर ओळखल्यावर सांगते," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे? आई? म्हणजे काय?"

फोन बंद. केमिस्ट मांडीवरची टोपली घट्ट धरून बसला. टोपलीतून समाधानाची घरघर ऐकू येत होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी यंत्र मुकादमाच्या मानेवरून फिरवलं. यंत्राने बीप केलं. त्यांनी आकडे मोठ्याने वाचले, कॉम्प्युटरवरच्या आकड्यांशी ताडून पाहिले आणि म्हणाल्या, "तुमचाच आहे."

सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावले. ते पुन्हा तेच निघाले. तेव्हा कुठे त्यांनी मुकादमाला उचलून खांद्याशी धरलं. त्याने त्यांच्या कानाचा वास घेतला आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं डोकं त्यांच्या गालावर आपटलं. बायकोचा जीव भांड्यात पडला.

"पण ह्याच्या आतल्या लवेचं काय केलंत तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"केस यायचे थांबेपर्यंत दातेरी ब्रश फिरवत होतो," केमिस्ट म्हणाला.

"ते थांबत नसतात हो! आखूड केस म्हणजे कमी केस नव्हेत. ह्या जातीला तर दुहेरी थर असतो. जुने गळतात, नवे येतात, हे चालूच. आठवड्यातून दोनदा, थोडा वेळ, बास."

"म्हणजे एंड पॉइंट नाहीच?"

"आहे की. टक्कल."

केमिस्टने मान खाली घातली.

"नशीब, कातडीला इजा नाही," त्या पुढे म्हणाल्या. "येतील परत केस. तोवर तो दातेरी ब्रश मला आणून द्या. माझ्याकडे कुलूप आहे."

"केसांचं राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. मुकादम अजून त्यांच्या खांद्यावर होता, पण आता मेट्रनचा आवाज ड्यूटीवर परत आला होता. "केस येतात. पण हा हातीपायी वाळलाय, त्याचं काय? मी वॉर्डात आयुष्य काढलं, मला खंगलेला पेशंट कळतो. मांजर माझ्या वाटेकडे डोळे लावून उपाशी राहिलं असेल, तर थोरलीची शपथ घातलीत तरी मी दोन महिने ह्याला सोडून जाणार नाही."

"आई, तो उपाशी नव्हता हो," केमिस्ट म्हणाला. "उलट—"

"तुमचं नको. तुम्ही पाच मिनिटांचं काय केलंत ते बघितलं मी. यंत्र सांगू दे. डॉक्टर, वजन करा. मागच्या वेळेपेक्षा एक ग्रॅम जरी कमी भरला, तर मी इथून हललेच नाही असं समजा. जास्त भरला तर आज रात्री तिकीट काढते."

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर पाहिलं. "मागच्या महिन्यात पाच किलो सातशे वीस ग्रॅम होता."

केमिस्ट मनात निघालेल्या केसांचं वजन वजा करायला गेला, पण वजा किती करायचं? अभ्रा त्याने तोललाच नव्हता. बायकोने त्याचा हात धरला. सासूबाईंच्या पर्समध्ये पुन्हा फोन वाजायला लागला आणि कुणीच तो उचलला नाही.

मुकादमाला यंत्रावर ठेवलं. त्याने शेपटी बाहेर टाकली. डॉक्टरीणबाईंनी ती उचलून आत ठेवली. आकडे खालीवर झाले, घोटाळले, मग थांबले. यंत्राने एकदा बीप केलं.

सहा किलो एकशे चाळीस ग्रॅम.